पाचवा चर

जकात नाक्यावर आयुष्य गेलं म्हणून माझा स्वभाव संशयी झाला, असं घरचे म्हणतात. साफ खोटं. माझी आई सांगायची, हे पोर तान्हं असताना दूध पाजायला घेतलं तरी आधी माझ्या तोंडाकडं टकमक बघायचं, मग प्यायचं. स्वभाव जन्माचा होता. नोकरीनं त्याला फक्त खुर्ची आणि शिट्टी दिली. कडब्याच्या गाडीत कडब्याखाली काय आहे, पोत्यांच्या मधल्या थरात काय आहे, हा ड्रायव्हर आज एवढं हसून का बोलतोय, हे बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. दहातल्या आठ वेळा माझा अंदाज बरोबर निघायचा, आणि त्यानंच माझा घात केला.

घोडा घेतला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. नव्वदीच्या दशकाचा मध्य असेल. घोडा वरातीचा होता, पांढरा, वय झालं म्हणून बँडवाल्यानं काढलेला. तीन दिवस घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "लोकं स्कूटर घेत्यात, ह्यांनी नवरदेवाचं घोडं आणलंय. आता मुंडावळ्या कुणाला बांधायच्या?" घोड्याला एकच खोड होती. कुठं ढोल-ताशा वाजला की भर रस्त्यात जागच्या जागी नाचायला लागायचा, आणि मी वर बसून ओळखीचं कोण बघत नाही ना, हे बघायचो. पण घोडा आपल्या रक्तातच आहे. कुणाला शर्यतीचा नाद, कुणाला नुसता बघायचा. मला बसायचं होतं, एवढंच.

बसून जायचं कुठं, हा प्रश्न होता. रंकाळ्याच्या कडेनं सकाळी जावं तर पोरं मोटारसायकली काढून मागं लागायची. मग आणखी तिघं भेटले. एक रिटायर सुभेदार, मिशा अजून ड्युटीवर असल्यासारख्या. एक गुळाचे व्यापारी, लिंगायत, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी बोलणारे, अंगानं जड आणि मनानं मऊ. आणि एक टांगेवाला. रिक्षांनी त्याचा धंदा बसवला होता, पण घोडी काही त्यानं सोडली नव्हती. टांगा भिंतीला टेकवला आणि घोडीवर खोगीर चढवलं. आमच्यात घोड्यातलं खरं कळणारा तो एकटाच. आम्ही तिघं त्याला अरे-तुरे करायचो आणि तो आम्हाला अहो-जाहो, हे आता लिहिताना खटकतंय. तेव्हा खटकलं नव्हतं.

पन्हाळ्याच्या मागं, मसाई पठाराच्या अंगाला जंगलात एक जुनी वाट होती. पूर्वी बैलांच्या पाठीवर माल लादून लोक तिथनं खाली उतरायचे. पुढं डांबरी रस्ता झाला आणि वाट घाणेरीनं आणि कारवीनं गिळली. सुभेदारांनी ती शोधून काढली आणि वनखात्याच्या साहेबांकडं अर्ज केला, आम्ही वाट साफ करतो, सांभाळतो, आम्हाला घोडे न्यायची परवानगी द्या. वाट सगळ्यांचीच राहील, गुरांची, माणसांची, आमची. साहेबांनी आमच्याकडं असं बघितलं की मला माझीच आठवण झाली. चार माणसं स्वतःच्या खर्चानं, सुट्टीच्या दिवशी, फुकटात जंगलातलं गवत काढणार? त्यांना कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं. त्यांच्या जागी मी असतो तर मी चौघांनाही हाकलून दिलं असतं.

शेवटी ते म्हणाले, "एक पावसाळा बघू. टापांनी वाट फुटली, वाहून गेली, तर घोडे बंद. कायमचे. टिकली तर पुढं बघू."

म्हणजे सगळं त्या एका पावसाळ्यावर येऊन ठेपलं. वाट गेली असती तर माझा घोडा गोठ्यात उभा राहिला असता आणि मी नाक्यावर. आठवड्यातले सहा दिवस मी कसे काढायचो ते मलाच माहीत. रविवारी त्या वाटेवर पोचलो की छाती मोकळी व्हायची. ती वाट मला पाहिजेच होती. लहान पोराला खेळणं पाहिजे असतं तशी.

हिवाळाभर आम्ही राबलो. शनिवारी निघायचं, डोंगराखालच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात मुक्काम, रविवारी पहाटे कोयता, टिकाव, पहार घोड्यांवर बांधून वर. घाणेरी नुसती कापून भागत नाही, मुळासकट उपटावी लागते. हाताची सालटी निघायची. आडवी पडलेली झाडं दोर बांधून घोड्यांकडून ओढून काढली. पण खरं काम पाण्याचं. उताराच्या वाटेवर पावसाचं पाणी एकदा धावायला लागलं की वाटेचा ओढा होतो. म्हणून वाटेला तिरके चर मारायचे, वितीभर खोल, खालच्या बाजूला दगड बसवायचे, म्हणजे पाणी वाट सोडून बाजूला उतरतं. सुभेदार म्हणायचे, "पाण्याला अडवायचं नसतं, त्याला दुसरीकडं धाडायचं असतं." कुठं धाडायचं हे काही ते म्हणाले नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. गुढीपाडव्यापर्यंत सात चर झाले.

टांगेवाल्याची एक सवय होती. चढ लागला की तो घोडीवरनं उतरायचा आणि लगाम धरून पायी चालायचा. टांग्यात सवारी असली तरी चढाला टांगेवाला उतरतोच, जनावराची छाती फुटू नये म्हणून. आमची वाट म्हणजे जवळपास सगळी चढाचीच. आम्ही तिघं घोड्यावर ऐटीत, हा मागनं पायी. मी चिडवायचो, "गड्या, घोडी तुला फिरवायला आणतीया का तू घोडीला?" तो हसायचा. "साहेब, तिचं पाय चार असलं तरी छाती एकच हाय की."

आणि एक म्हातारी होती. वाटेच्या खालच्या अंगाला चार-पाच घरांचा धनगरवाडा होता. पाडव्यानंतर वळवाचे दोन पाऊस झाले, तेव्हापासनं आम्ही जाताना कारवीच्या शेंड्यांवरनं ती म्हातारी लांबवर दिसायची, हात वर करून काहीतरी ओरडायची. आम्हीही हात वर करायचो. सुभेदार तर कडक सलाम ठोकायचे. "डोंगरातली माणसं लई मायाळू," असं व्यापारी म्हणायचे.

त्याच सुमाराला पाचवा चर बुजलेला सापडला.

पहिल्यांदा वाटलं वळवानं बुजला. पण पाण्यानं बुजलेला चर आणि माणसानं बुजवलेला चर यात फरक असतो. ह्यात माती दाबून भरली होती, वरनं पाय मारला होता, आणि आमचे दगड काढून कडेला नीट रचून ठेवले होते. आम्ही पुन्हा उकरला. पुढच्या रविवारी पुन्हा बुजलेला. तिसऱ्यांदाही तेच. बाकीच्या सहांना कुणी हात लावत नव्हतं. फक्त पाचवा. आणि नेमका तो सगळ्यात उभ्या उतारावरचा. तो चर गेला तर खालची वाट गेलीच म्हणून समजायचं.

माझं डोकं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली. नाक्यावरची कामगिरी जंगलात करायला मिळाली. पहिला संशय धनगरांवर, त्यांच्या गुरांचा पाय चरात अडकत असेल. मग वाटलं, गुरांचा पाय सातही चरांत अडकेल, पाचव्यातच का? दुसरा संशय फॉरेस्टच्या गार्डावर. त्याला आम्ही नकोच होतो, पूर्वी त्याला कुणी बघायला नसायचं, आता दर रविवारी आम्ही. तिसरा संशय चक्क व्यापाऱ्यांवर. डोंगराखाली त्यांनी जमीन बघितली होती असं ऐकलं होतं. वाट बंद पडली तर त्यांचा काय फायदा, हे मला सांगता येत नव्हतं, पण फायदा असणारच, असं मी धरून चाललो. घरी जेवताना बायकोला सांगायला लागलो की ती ताट वाढून उठून जायची. "उद्या माझ्यावरबी घ्याल संशय," म्हणायची.

चौथ्या वेळेला मी सगळ्यांच्या आधी वर गेलो आणि घोड्यावरनं वाकून माती बघितली. ओल्या तांबड्या मातीत टापांचे ठसे होते. बाकीच्यांचे घोडे अजून वर आलेच नव्हते, म्हणजे ठसे आदल्या दिवशीचे, शनिवारचे. आणि त्यातल्या एका पायाची नाल अर्धी होती.

मागच्या डाव्या पायाला अर्धी नाल फक्त टांगेवाल्याच्या घोडीला होती. तिचा खूर एका बाजूनं चिरलेला, म्हणून नालबंदानं तशी मारली होती. शनिवारी तो आमच्या आधी निघायचा. "मला कुठं ड्युटी हाय साहेब, सवाऱ्याच न्हाईत, घोडीला सावकाश आणतो," म्हणायचा. संध्याकाळी आम्ही गोठ्यावर पोचायचो तेव्हा त्याच्या नखांत तांबडी माती असायची. मी ती बघितलीही होती आणि खरारा करताना लागली असेल असं समजून सोडली होती. स्वतःचाच राग आला. डोळ्यांदेखत माल पास झाला होता.

पाचव्या चराच्या वीसेक पावलं वर वाटेला नवीन खोदल्यासारखी एक खाच होती, तीही तेव्हाच दिसली. वर उकरतोय, खाली बुजवतोय. म्हणजे वाट मधोमध फोडायचा बेत, असा मी त्याचा अर्थ लावला. त्या खाचेत मी दगड भरले, वर माती ओढली आणि पार सपाट करून टाकली.

वर पठाराच्या तोंडाशी आम्ही न्याहारीला थांबायचो. भाकरी सोडल्या, आणि मी काडीनं मातीत अर्ध्या नालेचा ठसा काढला. सुभेदारांना म्हटलं, ही नाल कुणाची सांगा. त्यांनी घोडीकडं बघितलं. व्यापारी भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच राहिले.

"पाचवा चर कुणी बुजवला रे?" मी विचारलं.

"म्या," टांगेवाला म्हणाला.

मला वाटलं होतं हा आधी नाही म्हणेल. नाक्यावर प्रत्येक जण आधी नाही म्हणतो, मग आवाज चढवतो, मग हातापाया पडतो. ह्यानं पहिल्याच झटक्याला हो म्हटलं आणि माझं डोकं आणखी फिरलं. एवढ्या सहज कबूल करतोय म्हणजे ह्याच्यामागं कुणीतरी मोठा असणार!

"का?"

"साहेब, त्येच्या खालच्या अंगाला—"

"खालचं-वरचं मला सांगू नको. तुला ह्यात काय मिळतंय ते बोल. कुणी लावून दिलंय तुला? गार्डानं?"

"न्हाय ओ. तुमी वाईच घोड्यावरनं खाली उतरून बघा, म्हंजी—"

"आम्हाला खाली उतरवायलाच बसलायस तू!" मी ओरडलो. "वाट बुडाली की आम्ही घरात. तुझं काय जातंय? तुला काय मिळतंय, एवढंच सांग!"

तो माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. एखादी गोष्ट आपल्याला उचलणार नाही हे कळल्यावर माणूस तिच्याकडं बघतो, तसं. मग उठला, भाकरी फडक्यात बांधली, घोडीच्या खोगिराचा तंग आवळला आणि लगाम धरून पायीच खाली निघून गेला. उतार होता, बसला असता तरी चाललं असतं.

"त्याला बोलू द्यायला पाहिजे होतं हो," व्यापारी म्हणाले.

"बोलू दिलं की माल निसटतो," मी म्हटलं. सुभेदार शिस्तीबद्दल काहीतरी बोलले. त्या दिवशी आम्ही पाचवा चर हातभर खोल केला आणि पहारीनं मोठाले दगड ठोकून बसवले, पुन्हा कुणाच्या बापाच्यानं हलू नयेत असे. परत येताना मी घोड्यावर गुणगुणत होतो.

पावसाळा दणकून झाला. चर नसते तर तो उतार जागेवर राहिला नसता, पण वाट टिकली. नवरात्रानंतर साहेब स्वतः चालत आले, बूट आपटून आपटून दगड बघितले. पाचव्या चरापाशी थांबून म्हणाले, "हा चर नसता तर खालचं सगळं गेलं असतं. चांगलं काम केलंय." परवानगी मिळाली. मी सगळ्या नाक्याला पेढे वाटले. टांगेवाला आठवला होता. पण आठवला तो असा, की बघ लेका, तुझ्या नाकावर टिच्चून टिकली.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी उतरताना माझ्या घोड्याच्या खुरात खडा गेला. खडा काढला तरी लंगडत होता, म्हणून मी उतरलो आणि लगाम धरून चालायला लागलो. बाकीचे दोघं पुढं गेले. त्या वाटेवर अख्खा उतार मी पायी चालतोय, असं पहिल्यांदाच होत होतं.

घोड्यावरनं कारवीचे शेंडे दिसतात, हिरवे, सलग. पायी चालताना बुंधे दिसतात, आणि बुंध्यांच्या मधनं पलीकडचं दिसतं. चर खणताना मी पायीच असायचो, पण तेव्हा नजर सगळी मातीत आणि दगडांत. पाचव्या चरापाशी मला खालून खरवडल्याचा आवाज आला. वाकून बघितलं. दहा-बारा हात खाली तांबड्या गाळाचा एक ढीग, त्यात मोठाले दगड, पालापाचोळा, आणि मधल्या एका खळग्यापाशी ती म्हातारी बसलेली. वाटीनं गढूळ पाणी खरवडून फडक्यातनं घागरीत गाळत होती.

मी खाली उतरलो. ती डोळ्यांवर हात धरून बघायला लागली.

"कोण? घोड्यावरलं व्हय?"

"व्हय. आज्जी, हे काय झालंय?"

"काय झालंय म्हंजी? तुमीच केलंय की! माझ्या सासूच्या आदीपासनं झरा हाय हितं. भर उन्हाळ्यात आटला न्हाय कवा. तुमच्या त्या चरानं सगळं पाणी हितं सोडलं. माती आली, दगडं आली, डोळा बुजला. बापय माणसं ऊसतोडीला गेली, ही धोंडी कोण हलवणार? सून ओढ्याला जाती खाली. जायला घटका, यायला दोन. माघात ओढाबी आटतोय. मग आमी कुठं जायचं, सांग की."

"अहो, मग आम्हाला सांगायचं की!"

"सांगितलं न्हाय? घसा फुटंस्तवर वरडले! तुमी हात करायचा नि जायचा. त्यो मिशीवाला तर कपाळाला हात लावून जायचा. मला वाटायचं, टिंगल करत्यात."

ती पुढं म्हणाली, "एकच पावणं भलं. चालत यायचं, घोडी धरून. उन्हाळ्यात खाली उतरलं, पाणी प्यालं. म्हणलं आज्जी, चर चुकीच्या जागंला पडलाय, वर घेतो, तितं खडक हाय, पाणी पलीकडच्या दरडीला जाईल, वाटंलाबी धोका न्हाय. पहारीनं ठोकून ठोकून खडक हुडकला. घेतलाबी चर वर. मग कुणीतरी मेल्यानं त्यो मोडला, नि ह्यो आनखी मोठा केला."

कुणीतरी मेल्यानं. मी तिच्यासमोर उभा होतो.

आता खरं सांगतो, सांगायला लाज वाटते तरी. त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार हा आला, की ह्या म्हातारीला त्यानंच पढवून ठेवलंय का? तिच्या पायाशी गाळ होता, वाटीत गाळ होता, घागर अर्धीही भरली नव्हती, आणि मी साक्षीदार फोडलाय का ते तपासत होतो. आठ दिवस मी कुणाला काही बोललो नाही. जेवण जाईना. शेवटी बायकोला सांगितलं. ती कधी नव्हे ते पूर्ण ऐकेपर्यंत बसली आणि म्हणाली, "जावा आधी त्याच्याकडं."

मी आधी त्याच्याकडं गेलो नाही. भीती वाटली. सुभेदारांना आणि व्यापाऱ्यांना सांगून पुढच्या रविवारी पहारी घेऊन झऱ्यावर गेलो. व्यापाऱ्यांचे डोळे भरून आले होते. सुभेदारांनी मिशीला हात लावला नाही. आम्ही पहिला दगड हलवायला घेतला तर म्हातारी मधे येऊन उभी राहिली.

"तुमी नगं," म्हणाली.

"अव्वा, आम्ही चूक केली, आम्हीच नीट करतो," व्यापारी हात जोडून म्हणाले.

"तुमचं हात नगं लावू झऱ्याला. त्या पावण्यास्नी आणा. त्यास्नी ठावं हाय पाणी कुठनं जातंय ते. त्यो आला तर लावा हात, न्हायतर जावा."

आम्ही पहारी घेऊन परत आलो. म्हणजे आता त्या चार-पाच घरांचं पाणी माझ्या एका माफीवर अडलं होतं.

टांगेवाल्याचं घर गंगावेशीच्या मागं, बोळात. टांगा अजून भिंतीला टेकवलेला, चाकाला कपडे वाळत घातलेले. घोडीची जागा शेणानं सारवून स्वच्छ केलेली. घोडी त्यानं कुरुंदवाडच्या एका शेतकऱ्याला दिली होती, आणि तो स्वतः कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन लागला होता. खाकी शर्ट घालूनच बाहेर आला. "या साहेब," म्हणाला आणि आत बघून चहा सांगितला. मला वाटलं होतं दार लावून घेईल. तेच सोपं गेलं असतं.

मी सगळं सांगितलं. चर, गाळ, म्हातारी, ओढा. तो मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "आता म्या बी लोकांच्या पिशव्या बघतोय साहेब. जाताना, येताना. लई वंगाळ काम हाय."

"पण गड्या, पहिल्यांदा झरा दिसला तेव्हाच का सांगितलं नाहीस आम्हाला? गपचूप कशाला बुजवत बसलास?"

"तुमी काय इचारलं असतं?"

मी चाकावरच्या कपड्यांकडं बघायला लागलो.

"तुला काय मिळतंय, ह्येच इचारलं असतं की. मला काय सांगावं कळंना. मिळत काय बी नव्हतं. तिथलं पाणी प्यालोतो, येवढंच. येवढ्यावर तुमचा इस्वास बसला नसता. म्हणलं, भांडान नगं, गपचूप करून मोकळं व्हावं."

"माझं चुकलं," मी म्हटलं. आयुष्यात हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय ते बायको बोटावर मोजून सांगेल.

"चहा घ्या," तो म्हणाला. "शुक्कीरवारी सुट्टी असती मला. येतो."

शुक्रवारी तो एस.टी.नं आला. मी रजा काढली होती, व्यापाऱ्यांनी दुकान बंद ठेवलं होतं. मी घोडा पुढं केला, म्हटलं, बस. "चढ हाय," म्हणाला आणि चालायला लागला. त्या दिवशी आम्ही चौघंही पायी चढलो, घोडे मागनं मोकळे. त्यानं आधी वरची जागा दाखवली, मी सपाट केली होती ती. पहार ठोकत गेला आणि एका जागी खण्ण वाजलं. तिथं नवा चर घेतला. मग पाचवा बुजवला. माती मी भरली, पाय मी मारले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. मग खाली उतरून दगड काढले. मोठा धोंडा निघायला दुपार झाली. शेवटचा गाळ त्यानं पहार बाजूला ठेवून हातानं काढला, कोपरापर्यंत हात घालून, गाय व्यायला अडली की घालतात तसा. बराच वेळ काहीच झालं नाही. मग त्याच्या मनगटाभोवतीचा गाळ हळूच हलला.

पाणी निवळायला तासभर लागला. म्हातारी वाटी धुऊन घेऊन आली. पहिली वाटी तिनं त्याला दिली. त्यानं ती माझ्यापुढं धरली.

मी हातात घेतली आणि बघत राहिलो. पाण्यात. तळाशी काय आहे म्हणून नाही, पण सवय ती सवय.

"बघतोयस काय? पाणी हाय," म्हातारी म्हणाली.

"प्या साहेब," टांगेवाला म्हणाला. "काय न्हाय त्यात."

मी प्यालो. थंड होतं, जरा मातकट. वाटी परत करताना मला त्याला विचारायचं होतं, मनातनं काढलंस का रे सगळं? ओठावर आलं होतं. तो हात धुऊन, चपला घालून एस.टी.ची वेळ गाठायला निघालासुद्धा. पुन्हा कधी तो आमच्याबरोबर आला नाही. आम्ही ती वाट पुढं कितीतरी वर्षं सांभाळली, झरा आहे, धनगरवाडा आहे. तो कधी बाजारात भेटायचा, हसायचा, घोडा कसा आहे विचारायचा. दर वेळी मला विचारावंसं वाटायचं, आणि मी कधीच विचारलं नाही. त्यानं 'काढलं की साहेब, कवाच' असंच म्हटलं असतं. आणि माझा विश्वास बसला नसता.